चुलीजवळचा दिवा पुसलात का?

मायबहिणींनो, आज संध्याकाळी एक छोटीशी पाहणी करा. दिवेलागण झाली, चूल पेटली, तवा चढला, की भाकरी थापायला बसा आणि तव्याकडे नीट पाहा. तव्यावर काय पडले आहे? उजेड की तुमचीच सावली?

पुष्कळ घरांत उत्तर येईल : सावली. कारण साधे आहे. चूल असते भिंतीला लागून. तुम्ही बसता भिंतीकडे तोंड करून. दिवा मात्र टांगलेला असतो खोलीच्या मधोमध, तुळईला किंवा वाशाला, म्हणजे तुमच्या पाठीमागे. मग उजेड तुमच्या पाठीवर आणि सावली हातांवर, तव्यावर, कढईवर. विस्तव, उकळते आधण, तापलेले तेल, विळी अशी सगळी जोखमीची कामे त्या सावलीत चालतात.

आणि दादांनो, हे बायकांचे पान म्हणून तुम्ही उलटू नका. दिव्याची जागा बदलायला वायरमन बोलावणे बहुधा तुमच्याच हाती असते. तेव्हा दोघांनी मिळून वाचा.

दिवा लावताना कोणाला विचारले?

आमच्या घरी वीज आली तेव्हाची गोष्ट आई पुढे पुष्कळदा सांगत असे. वायरमनने विचारले, "दिवा कुठं टाकू?" वडील म्हणाले, "मधोमध टाका, सगळीकडं उजेड पडंल." दिवा मधल्या तुळईला लागला. जेवणाऱ्यांच्या ताटात लख्ख उजेड पडला. घरदार खूश झाले. चुलीपुढे बसणारीला मात्र कोणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. वडिलांचा तरी दोष कसा म्हणावा? ते चुलीपुढे कधी बसलेच नव्हते.

पुढे वीस वर्षे आईने स्वतःच्या सावलीत भाकरी भाजली. तिच्या उजव्या मनगटावर तव्याच्या कडेचे दोन डाग होते. "आता नजर कमी झाली," असे ती म्हणायची. वयाबरोबर डोळ्याला जास्त उजेड लागतो हे खरेच. पण तिच्या बाबतीत नजरेपेक्षा उजेडाची बाजू चुकली होती. एका दिवाळीत माझ्या भावाने दिवा तुळईवरून काढून चुलीच्या डाव्या अंगाच्या भिंतीवर घेतला. पहिल्या रात्री आई एवढेच म्हणाली, "आता पापुद्रा सुटलेला दिसतो गं." खर्च आला होता दहा हात वायर, एक होल्डर आणि चार खिळ्यांचा.

कंदील रोज पुसत होतो

विजेच्या आधीचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना सांगायला नको. तिन्हीसांजा झाल्या की कंदील खाली घ्यायचा, काच काढायची, जुन्या धोतराच्या फडक्यावर चिमूटभर राख घेऊन ती आतबाहेर पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचे आणि मग दिवा लावायचा. हे काम बहुधा घरातल्या लहान हातांच्या मुलीकडे असे, कारण मोठा हात काचेत जात नसे. ज्या घरची काच काळी ते घर आळशी, असा सरळ हिशेब होता.

मग बल्ब आला आणि ती सवय सुटली. बल्बला तेल नको, वात नको, म्हणून त्याला काहीच नको असे आपण धरून चाललो. पण चूल तीच राहिली. तिचा धूर वर जातो, त्यात काजळी असते. फोडणीची तेलकट वाफ त्यात मिसळते. दोन्ही मिळून दिव्यावर चिकट थर बसतो आणि त्या थरावर धूळ येऊन बसते. हे सगळे रोज थोडे थोडे होते, म्हणून लक्षात येत नाही. सहा महिन्यांनी आपण म्हणतो, "बल्ब मंद झाला," आणि दुकानातून नवा आणतो. जुना बिचारा काजळीखाली चांगला जळत असतो.

ही अडचण केवळ आपल्याच घरची नाही. अमेरिकेत लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर चालणाऱ्या भट्ट्या मिळतात. तिकडच्या ऑरेगन राज्यात १९८०च्या दशकात त्या प्रथम निघाल्या. लोक अंगणात संध्याकाळी झाकण ठेवून त्यांत मांस, भाज्या भाजतात. आता अशा पुष्कळ भट्ट्यांच्या आतच दिवा बसवलेला असतो, कारण भाजणाऱ्याला पदार्थाचा रंग दिसला पाहिजे. आणि त्या दिव्याची काचही धुराने आणि चरबीने काळी पडते. भट्टी निवल्यावर ती पुसावीच लागते. विस्तवाजवळचा दिवा पुसल्याशिवाय चालत नाही, मग देश कोणताही असो.

सावलीत काय काय निसटते

कोणी म्हणेल, चुलीच्या जाळाचा उजेड असतोच की! असतो, पण तो हलता असतो, तांबूस असतो आणि खालून येतो. भांड्याचे बूड दिसते, भांड्याच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही.

भाकरीच घ्या. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे, ते सुकू लागले की उलटायची. पाणी सुकले की नाही हे डोळ्यांनीच कळते. अंदाजाने उलटली तर भाकरीला चिरा जातात किंवा ती कच्ची राहते. मग आरावर शेकताना ती करपते. हातातली भाकरी वाया गेली की पीठ जाते, सरपण जाते आणि मनही खट्टू होते.

तांदळातला खडा, वांग्यातली अळी, डाळीतला किडा हे सारे उजेडातच सापडतात. शेंगदाण्यांकडे तर मुद्दाम लक्ष द्या. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने, उकळल्याने पुरते जात नाही. असे दाणे टाकूनच द्यावे लागतात. पण ते दिसले तर टाकणार ना?

आणखी एक धोका सरपणात असतो. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या यांच्या ढिगात विंचू बसतो, क्वचित सापही. अंधारात चाचपून काडी ओढणारा हात सरळ त्यावर जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून दाखवला आणि अनेकांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उपाय आहे ही मोठी गोष्ट आहे. दंश झालाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पण त्याहून बरे हे, की सरपण ठेवायच्या जागेवर उजेड असावा आणि काडी पाहून ओढावी.

रांगते मूल घरात असेल तर आणखी काही सांगायला नको. ते कोणत्या बाजूने चुलीकडे निघाले आहे हे आईला मान वळवताक्षणी दिसले पाहिजे.

दिव्याची जागा

दिवा पुढून किंवा बाजूने असावा, पाठीमागून नसावा. उजव्या हाताने काम करणारीच्या डाव्या बाजूला दिवा असेल तर हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्या बाईसाठी उलट करावे.

दिवा चुलीच्या नेमका वर टांगू नये. तिथे धूर, वाफ आणि उष्णता तिन्ही त्याला गाठतात. बाजूच्या भिंतीवर, चुलीपासून दोन-तीन फूट अंतर राखून, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर हात-दीड हात, अशी जागा बरी. मुलाचा हात पोचणार नाही आणि उजेड थेट डोळ्यांत येणार नाही, हे पाहावे. ओट्यावर उभ्याने स्वयंपाक करीत असाल तर दिवा त्या मानाने वर घ्यावा.

दिवा जवळ आणला की उजेड किती वाढतो ते ऐका. आठ फुटांवरचा दिवा चार फुटांवर आणला, तर त्याचा थेट पडणारा उजेड दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे मोठा दिवा घेण्यापेक्षा आहे तोच जवळ आणणे स्वस्त पडते.

भिंतही उजेडाला मदत करते. चुन्याने पांढरी केलेली भिंत आपल्यावर पडलेला बराचसा उजेड परत खोलीत टाकते. काजळलेली भिंत तो गिळते. दसऱ्या-दिवाळीला घर सारवता-रंगवता तेव्हा चुलीमागच्या भिंतीला "ती काय, पुन्हा काळीच होणार" म्हणून वगळू नका. तिलाच आधी चुना द्या. आणि दिवसाच्या उजेडासाठी छपरात एखादे काचेचे कौल किंवा पारदर्शक पत्र्याचा तुकडा बसवला तर तो दिवा बिल न भरता जळतो.

दिवा कोणता आणि खर्च किती

जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड देतो, जवळपास तेवढा उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. हिशेब करून पाहा. दिवा रोज चार तास लावला, तर ६० वॅटचा बल्ब ३० दिवसांत ७.२ युनिट वीज खातो. ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात एक युनिटपेक्षा किंचित जास्त, म्हणजे १.०८ युनिट खातो. २०१५ साली सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली, तेव्हापासून हे दिवे खेड्यापाड्यांतही पोचले आहेत. तेव्हा "चुलीजवळ दुसरा दिवा कशाला, बिल वाढेल," ही भीती आता धरायला नको.

एलईडीचा एक स्वभाव ध्यानात ठेवा. त्याला उष्णता मानवत नाही. त्याच्या बुडाच्या भागात बारीक यंत्रणा असते आणि ती तापली की दिव्याचे आयुष्य घटते. म्हणून तो जाळापासून दूर ठेवा, आणि धूर लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात कोंडू नका.

जुना पिळाचा सीएफएल दिवा अजून वापरात असेल तर तो जपून हाताळा. त्यात थोडा पारा असतो. फुटला तर दारे-खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे, तुकडे केरसुणीने झाडू नयेत, जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत आणि उरलेली बारीक कच ओल्या कागदाने टिपून घ्यावी.

वीज जाण्याचा त्रास जिथे आहे तिथे चार्ज होणारा दिवा किंवा सौर कंदील चुलीजवळ ठेवावा. सौर कंदिलाच्या पाटीवरची धूळ अधूनमधून सकाळी पाणी लावून पुसली की चार्ज चांगला होतो.

पुसायचा कसा

आठवड्यातून एक वार ठरवा. बाजाराचा आदला दिवस धरा किंवा उपासाचा धरा, पण ठरवा. काम दिवसा करावे, चूल विझलेली असताना.

१. नुसते बटण बंद करून थांबू नका, मेन स्विचही बंद करा. याला कारण आहे. काही घरांत वायरिंग चुकीचे झालेले असते आणि बटण फेजच्या तारेवर नसून न्यूट्रलवर असते. मग बटण बंद केले, दिवा विझला, तरी होल्डरमध्ये वीज जिवंत राहते.

२. दिवा पुरता गार होऊ द्या. तारेचा बल्ब तापलेला असताना त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी काच तडकते.

३. हात कोरडे, पायात चप्पल आणि पायाखाली न डगमगणारे लाकडी स्टूल. डब्यावर डबा रचून चढू नका.

४. दिवा होल्डरमधून काढून खाली आणा. टांगलेला पुसू नका.

५. आधी कोरड्या फडक्याने सुटी काजळी झटका. मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने फक्त गोल भाग पुसा. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या टोपीला आणि बुडाला पाणी लावू नका. दिवा पाण्यात कधीही बुडवू नका.

६. कंदिलाला चालत असे म्हणून एलईडीला राख लावू नका. त्याचा गोल बहुधा प्लास्टिकचा असतो. राखेने, काथ्याने त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत काजळी अधिकच धरते. रॉकेलने पुसणे तर नकोच.

७. कोरड्या फडक्याने टिपून अर्धा तास ठेवा. पूर्ण सुकल्यावर बसवा आणि मग मेन स्विच चालू करा.

सगळे मिळून जेमतेम दहा मिनिटांचे हात लावणे आहे.

वायरीकडेही पाहा

दिवा उतरवलाच आहे तर होल्डरवर नजर टाका. तो तपकिरी पडला असेल, सैल झाला असेल, दिवा लुकलुकत असेल, जळका वास येत असेल, तर तो बदलून घ्या. चुलीच्या उष्णतेने वायरीचे वेष्टण कडक होऊन तडकते, आणि उंदीर ते कुरतडतात. पत्र्याच्या छपराला घासून जाणारी वायर फार वाईट. वेष्टण फाटले की साऱ्या पत्र्यात वीज उतरू शकते. चिकटपट्टीच्या गाठी मारून दिवस काढू नका. हे काम घरच्या घरी न करता जाणत्या वायरमनकडून करून घ्या. त्याच वेळी बटण फेजच्या तारेवर आहे का, अर्थिंग नीट आहे का, हेही त्याला तपासायला सांगा. जमल्यास आरसीसीबी बसवा. वीज कुठे माणसाच्या अंगातून किंवा भिंतीतून गळू लागली तर ते क्षणात प्रवाह तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचे घेतात.

फडके काय सांगते

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट.

दिवा पुसून झाला की फडके लगेच धुवायला टाकू नका. उजेडात नेऊन पाहा. ते किती काळे झाले आहे? आठवडाभरात जेवढी काजळी त्या एवढ्याशा गोळ्यावर बसली, त्याच हवेत तुम्ही रोज बसलात. दिव्याला तर श्वास नाही. तुम्हाला आहे, मांडीवरच्या लेकराला आहे, कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना आहे. दिवा पुसता येतो, छाती पुसता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

म्हणून फडके दर आठवड्याला काळेकुट्ट निघत असेल तर उजेडाबरोबर धुराचाही विचार करा. सरपण वाळलेलेच जाळा, कारण ओले लाकूड धूरच देते. चुलीच्या वरच्या बाजूला धूर जायला झरोका ठेवा. १९८०च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता. त्या वेळची धुराड्याची चूल तुमच्याकडे असेल तर तिचे धुराडे काजळीने बुजले आहे का पाहा, ते झाडून घ्या. बुजलेल्या धुराड्याची निर्धूर चूल नावापुरतीच निर्धूर असते. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून कितीतरी घरांत गॅस आला आहे. तरी भाकरीला आणि अंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच. निदान पाण्याची चूल अंगणात न्या. तेवढा धूर घरातला कमी होईल.

हे केल्यावर महिन्याभराने पुन्हा फडके पाहा. ते पूर्वीपेक्षा फिके निघाले, तर समजा की घरातली हवा सुधारली. त्यासाठी कोणतेही यंत्र नको. जुन्या लुगड्याचा एक तुकडा पुरतो.

तेव्हा दादांनो, आज संध्याकाळी पाच मिनिटे स्वतः चुलीपुढे बसा आणि सावली कुठे पडते ते बघा. आणि मायबहिणींनो, वायरमन पुन्हा दारात येईल तेव्हा "दिवा कुठं टाकू?" याचे उत्तर तुम्ही द्या. "इथं, माझ्या डाव्या अंगाला," असे बोट दाखवून सांगा.